तुमची जात निवडा

फँटसी रोलप्लेइंग गेम सुरू केला की तलवार हातात यायच्या आधी एक पान उघडतं. नाव लिहा, चेहरा घडवा, रेस निवडा. एल्फ, ओर्क, मांजराच्या तोंडाचे खजीट, सरड्यासारखे आर्गोनियन, साधी माणसं. आमच्या गडहिंग्लजच्या पोरांनी या 'रेस'चं मराठी केव्हाच करून टाकलंय. "जात कंची घेतलास?" असं ती एकमेकांना विचारतात. शब्दकोश इथं 'वंश' म्हणेल. मला पोरांचा शब्द जास्त बरोबर वाटतो. त्या पानावर जे घडतं ते आपल्या ओळखीचंच आहे: जन्मावरून कसब ठरतं, कसबावरून धंदा, आणि पुष्कळदा स्वभावसुद्धा. फरक इतकाच की इथं जात निवडता येते.

या पानाबद्दल तक्रार केली की दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, खेळणाऱ्यांना हेच आवडतं. दोन, खेळ आहे, त्यात राजकारण कशाला आणता? दुसरं उत्तर देणारी माणसं बहुधा अशी असतात की ज्यांना खऱ्या आयुष्यात कुणी फाटकावर अडवलेलं नसतं. म्हणून पहिल्या उत्तराकडेच आधी बघू.

उदाहरण 'स्कायरिम'चं घेतो. २०११ साली आलेला हा गेम आजही आपल्याकडे जुन्या कॉम्प्युटरवर चालतो, म्हणून तो अनेकांनी खेळलेला आहे. त्यात दहा रेस आहेत. त्यातले रेडगार्ड वाळवंटातून आलेले, त्यांच्यातले काही पागोटं बांधणारे. माझा भाचा मला म्हणाला होता, "मामू, रेडगार्ड घ्या, आपल्यातला हाय." गेममधला पहारेकरीही त्यांच्या वाकड्या तलवारींचं एवढं कौतुकमिश्रित आश्चर्य करतो की त्याच्या त्या वाक्यावर जगभर विनोद झाले. ते असू दे. मला बोलायचंय ते खजीटांबद्दल.

खजीट हे व्यापारी. तांडा घेऊन शहरोशहरी फिरतात. पण शहरात शिरत नाहीत. तटबंदीबाहेर राहुट्या ठोकून बसतात. का, तर लोक त्यांना चोर आणि तस्कर समजतात, म्हणून त्यांना आत येऊ देत नाहीत. तांड्यातली माणसं हे तुम्हाला स्वतः सांगतात. लिहिणाऱ्याने हे सहानुभूतीने लिहिलंय, नाकारण्याचं कारण नाही. ऐकताना वाईट वाटतं. गावकुसाबाहेर उतरलेली पालं ज्यानं पाहिलीत त्याला तर जास्तच.

आता पुन्हा त्या पहिल्या पानावर या. गेममध्ये प्रत्येक कौशल्य १५ आकड्यापासून सुरू होतं, आणि रेसप्रमाणे काही कौशल्यांत भर मिळते. खजीट निवडलात तर लपतछपत वावरण्याच्या कौशल्यात १० ची भर. कुलूप उघडण्यात ५. खिसे कापण्यात ५. म्हणजे एकही शहर न पाहिलेला, एकाही माणसाशी न बोललेला, पाच मिनिटांपूर्वी जन्मलेला तुमचा खजीट आधीच बरा खिसेकापू आहे. फाटकावरचा पहारेकरी जे म्हणतो ते गेमच्या तक्त्याने खरं ठरवलं. गोष्ट म्हणते, हा अन्याय आहे. आकडा म्हणतो, पहारेकऱ्याचं बरोबर आहे. आणि गेममध्ये शेवटी आकडाच चालतो, गोष्ट विसरली जाते.

"पाचच्या भरीने काय होतंय, तासाभरात फरक भरून निघतो," असं म्हणतात. खरं आहे, निघतो. पण आकडा किती हा मुद्दा नाही. तो कुठे लिहिलाय, ते बघा. तो शिक्षणाच्या, संगतीच्या, उपासमारीच्या रकान्यात लिहिलेला नाही. जन्माच्या रकान्यात लिहिलाय.

आपल्या भागाला हा रकाना चांगला माहीत आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याने अख्ख्या जमातीच जन्माने गुन्हेगार ठरवल्या. मूल पाळण्यात असतानाच त्याच्या नावापुढे शिक्का. तो कायदा जायला १९५२ साल उजाडावं लागलं. सोलापुरात ज्या भागाला आजही 'सेटलमेंट' म्हणतात, तिथं या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. गडहिंग्लज त्या काळी कोल्हापूर संस्थानात होतं. संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड यांना गावात हजेरी लावावी लागायची: आम्ही इथंच आहोत, रात्री कुठं गेलो नाही, हे रोज जाऊन सांगायचं. शाहू महाराजांनी १९१८ साली ती हजेरी बंद केली. भीमराव गस्ती बेळगाव भागातले, म्हणजे आपल्या शेजारचेच. त्यांचं 'बेरड' हे आत्मकथन ज्यांनी वाचलंय त्यांना हा तक्ता समजावून सांगायला नको. चोरी कुठंही होवो, पोलीस आधी कुठल्या वस्तीत शिरायचे हे ठरलेलं असायचं.

त्या पुस्तकातून, आणि लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'तूनही, एक गोष्ट स्वच्छ दिसते. आधी दार बंद होतं, मग कुलूप उघडण्याचं कसब येतं. जमीन नाही, काम कुणी देत नाही, गावात थारा नाही. मग हात शिकतो. गेमने हा क्रम उलटा केला. कसब आधी दिलं, जन्माबरोबर. म्हणून दार बंद. इंग्रज अधिकाऱ्यांनीही नेमका हाच क्रम उलटा मांडला होता.

यातली सगळ्यात मजेदार गोष्ट तर पुढेच आहे. तुम्ही स्वतः खजीट होऊन शहराच्या फाटकावर गेलात, तर जातीवरून तुम्हाला कुणी अडवत नाही! तांडा बाहेर, तुम्ही आत. सराय, बाजार, सरदाराचा वाडा, सगळं खुलं. का? कारण खेळणाऱ्याला अडवलं तर तो चिडेल, त्याला ते आवडणार नाही. इथं 'खेळणाऱ्याची आवड' म्हणजे काय ते उघडं पडतं. जन्माची भर हवी, जन्माची झळ नको. झळ सोसायला गेमने बाहेर राहुट्यांत दुसरी मांजरं बसवली आहेत.

मला स्वतःला अडवलेला खजीट खेळायला फार आवडला असता. फाटक बंद. आता काय करणार? पहारेकऱ्याला चिरीमिरी द्या, रात्री तटावरून चढा, नाहीतर आतल्या एखाद्या दुकानदाराची ओळख काढून त्याला जामीन राहायला लावा. तो राहील का? राहिला तर त्याच्या गिऱ्हाइकांवर काय परिणाम होईल? यात खेळ नाही असं कोण म्हणेल? पुण्यात घर भाड्याने शोधलेल्या कुठल्याही मुसलमान पोराने हा गेम आधीच खेळलेला आहे. फोनवर सगळं ठरतं. आडनाव विचारलं जातं. आणि पलीकडे घरमालकाच्या डोक्यात एक पान उघडतं. अमक्यात पाच, तमक्यात दहा. खोली कालच गेली म्हणतात.

असो. 'खेळणाऱ्यांना हेच आवडतं' याचा पुरावा म्हणून लोक एक गंमत नेहमी सांगतात. ऑक्टोबर २०२० मध्ये 'बाल्डर्स गेट ३' अर्धवट स्वरूपात बाजारात आला, तेव्हा लॅरियन या कंपनीने खेळणाऱ्यांच्या निवडी एकत्र करून त्यातून सरासरी नायक बनवला. निघाला कोण? एक साधासुधा गोरा माणूस. कंपनीनेच हसत तक्रार केली की आम्ही तुम्हाला शिंगं दिली, शेपट्या दिल्या, सैतानी डोळे दिले, आणि तुम्ही हे काय केलंत! यावरून निष्कर्ष काढतात की लोकांना आपल्यासारखा चेहरा हवा असतो, बाकी सगळं फुकटचं लोढणं.

कोणासारखा चेहरा? गडहिंग्लजच्या पोराचा चेहरा तसा नाही. त्यानेही तोच घेतला असेल, कारण लहानपणापासून प्रत्येक पोस्टरवर तलवार धरून तोच उभा होता. आवड म्हणजे ताटात जे वाढलंय त्यातली निवड. ताट कुणी वाढलं हे न विचारता नुसतं उष्टं मोजायचं, आणि त्याला खेळणाऱ्यांचा कौल म्हणायचं, ही हातचलाखी झाली.

शिवाय हे रकाने काही दगडावरची रेघ नाहीत. या सगळ्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे १९७४ सालचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. कागद, फासे आणि गप्पा यांवर चालणारा. त्याच्या पुस्तकांत ओर्क ही जमात वर्षानुवर्षं दुष्ट म्हणून छापली जात होती. २०२० साली त्याच कंपनीने जन्माची भर हवी तिथं हलवण्याची मुभा दिली. २०२४ च्या नव्या पुस्तकात 'रेस' हा शब्दच काढला, आणि अंगभूत गुणांची भर तुमच्या पूर्वायुष्याला जोडली: तुम्ही शेतकरी होतात की शिपाई, की कुठल्या मठात लेखनिक. यावर बरीच ओरड झाली. सगळ्यांना सारखं केलं तर मजा काय राहिली, असा सूर होता. पण सगळे सारखे झालेच नाहीत. फरक जन्मावरून उचलून जगण्यावर ठेवला, एवढंच झालं. शेतकरी आणि शिपाई यांच्यात फरक असतोच की. 'एल्डन रिंग' घ्या. २०२२ चा गेम, भयंकर अवघड. त्यातही सुरुवातीला तुम्ही पूर्वायुष्य निवडता, रंगरूप हवं ते घ्या, त्याला आकडा चिकटत नाही. वर्षभरात त्याच्या २ कोटींहून जास्त प्रती खपल्या. जन्माच्या भरीवाचून एवढ्या लोकांचं काही अडलेलं दिसलं नाही.

आपल्याकडच्या मैदानाचं बघा. गडहिंग्लज फुटबॉलचं गाव. अमक्या गल्लीतला म्हणून डाव्या पायाला दहाची भर, असं एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर कुणी म्हटलं तर बाहेरची पोरंही हसतील. कोण पहाटे पळायला येतो, कोण येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आता आपल्या घरातल्या गेमकडे वळतो, कारण दोष फक्त गोऱ्यांना देऊन सुटका करून घेणं मला पटत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी: अॅन एन्शंट एपिक' काढला. काटेकोरपणे बोलायचं तर तो रोलप्लेइंग नव्हे, मारधाडीचा साहसी गेम आहे. पण फँटसी आपल्या मातीतली आहे. राजी ही मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या भावाला, गोलूला शोधत निघते. वाडे, भित्तिचित्रं, छायाबाहुल्या यांवर घेतलेली मेहनत पाहून अभिमान वाटतो. इतक्या थोड्या लोकांनी हे उभं केलं याला सलामच. पण असुर इथंही जन्माने दुष्ट. ओर्कची जागा असुराने घेतली, रकाना तोच राहिला.

महाराष्ट्रात बसून असुर असा रंगवावा याचं मला जास्त आश्चर्य वाटतं. आपल्या शेतकऱ्याच्या घरात दिवाळीच्या पाडव्याला बळीचं राज्य यावं म्हणून ओवाळतात. बळी कोण होता? असुरच. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्याला कष्टकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून उभा केला. शेताच्या बांधावरचा म्हसोबा हा महिषासुराशी जोडलेला आहे, असं दामोदर कोसंबी यांनी दाखवलं. ज्या मुलखात असुराला नवस बोलतात, तिथल्या गेममध्ये असुराला एक वाक्य बोलायला मिळू नये?

आमच्याकडच्या दास्तानही यात धुतल्या तांदळासारख्या नाहीत. अमीर हमज़ाच्या दास्तानीत शत्रूची ओळ धर्माने आखलेली आहे, हे लपवून काय उपयोग? तरी त्यात एक वाट उघडी असते. जादूगार पक्ष बदलतात, कालचा वैरी आज तळावर जेवायला बसतो. जिन्नांतही भले असतात आणि बुरे असतात, ही तर आमच्या घरोघरची समजूत. ओर्काला ही सवलत कितीतरी वर्षं नव्हती. (जाता जाता: अमर अय्यारची जंबील, म्हणजे जिच्यात सारी दुनिया मावते ती झोळी, हीच आजच्या प्रत्येक रोलप्लेइंग गेममधली पिशवी. दोन चिलखतं, चाळीस बाटल्या आणि अकरा तलवारी घेऊन नायक पळतोय आणि कुणाला काही वाटत नाही. आमच्या दास्तानगोंना हे शतकांपूर्वी सुचलं होतं.)

जन्माचा रकाना ठेवला की गोष्ट कशी बिघडते यासाठी लांब जायला नको, पन्हाळ्यापर्यंत जा. १६६० साली गडाला वेढा घालून कोण बसला होता? सिद्दी जोहर, विजापूरचा सरदार. तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर कोण चालून गेला? सिद्दी हिलाल, महाराजांचा सरदार. त्याचा मुलगा वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. दोघेही सिद्दी, एक तटाच्या वैऱ्याकडून, एक तटासाठी. उद्या कुणी कोल्हापूरकराने या वेढ्यावर रोलप्लेइंग गेम केला आणि पहिल्या पानावर 'सिद्दी' या नावापुढे निष्ठेचा आकडा लिहून ठेवला, तर तो आकडा काय असेल? अधिक की उणे? जो लिहाल तो दोघांपैकी एकाबद्दल खोटा ठरेल. हिलालचा मुलगा वेढ्यात उतरला तो कुठल्या भरीमुळे, हे खेळणाऱ्याने खेळून शोधायचं असतं. तिथंच तर खेळ आहे.

असा गेम इथल्या पोरांनी करावा अशी माझी इच्छा आहे, आणि तोवर थांबायचंही कारण नाही. 'स्कायरिम' बनवणाऱ्या बेथेस्डाने २०१२ सालीच 'क्रिएशन किट' फुकट दिलं. गेम उसवून पुन्हा शिवायची ही हत्यारं. त्यात 'रेस' नावाची एक खिडकी आहे. खजीट शोधा. लपणं, कुलूप, खिसा यांच्यापुढचे आकडे खोडून शून्य लिहा, फाईल साठवा. त्यानंतरचं काम जास्त किचकट आहे, त्याला महिनाभर लागेल: फाटकावरच्या पहारेकऱ्याला खेळणाऱ्याची जात विचारायला शिकवायचं आहे.