स्टेन्सिलची फट: गरज की वेशभूषा?

१/७ युद्धपटाचे भित्तिपत्रक असो, मोटारशर्यतीची जाहिरात असो वा व्यायामशाळेची पाटी. सर्वत्र तीच जाडजूड, तिरपी, मधोमध चिरलेली सॅन्स-सेरिफ अक्षरे. हे ‘लष्करी वळण’ आहे, असे आपणांस सांगितले जाते. हा समज इतिहासाला धरून नाही.

२/७ स्टेन्सिल म्हणजे पत्र्यात वा पुठ्ठ्यात कोरलेला साचा. त्यात रोमन ‘ओ’ कोरला की आतला गोल सुटून खाली पडतो. तो धरून ठेवण्यासाठी मूळ पत्र्याच्या एकदोन पट्ट्या राखाव्या लागतात. त्यांच्याखाली रंग पोहोचत नाही. तीच ही फट. ती अलंकार नव्हे, पूल आहे.

३/७ या पुलाचे मूळ रणांगणात शोधणे व्यर्थ. सतराव्या-अठराव्या शतकांत फ्रान्समध्ये चर्चमधील गायनाचे भव्य ग्रंथ अशा साच्यांनी लिहिले जात. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८१ मध्ये पॅरिसमध्ये असा अक्षरसंच विकत घेतला. पुढे बाउहाउसमध्ये जोसेफ आल्बर्स यांनी चौरस, त्रिकोण आणि पाव वर्तुळ एवढ्यांतून स्टेन्सिलची अक्षरे घडवली. त्यांना हवी होती काटकसर, मर्दुमकी नव्हे.

४/७ लष्कराने खोक्यांवर स्टेन्सिल वापरले, हे खरेच. व्यापाऱ्यांनीही ते वापरले. परंतु ‘स्टेन्सिल’ याच नावाचे दोन प्रसिद्ध टंक १९३७ मध्ये लडलो व अमेरिकन टाइप फाउंडर्स या व्यावसायिक कंपन्यांनी महिन्याभराच्या अंतराने बाजारात आणले. दोन्ही सरळ उभे, दोन्ही सेरिफयुक्त. शिवाय धातूच्या ओतीव अक्षराला पूल कशाला हवा? फट तेव्हाच वेशभूषा झाली होती.

५/७ तिरपेपणाचेही तेच. १५०१ मध्ये व्हेनिसच्या आल्दुस मानुत्सिओ यांनी ग्रंथांत आणलेले इटॅलिक हे हस्ताक्षरातून घडलेले स्वतंत्र वळण होते. आज संगणकावर उभे अक्षर नुसते ढकलले जाते. मग गोलाची रेघ दोन कोपऱ्यांत फुगते, उरलेल्या दोहोंत आवळते. याला वेग म्हणावे की व्यंग?

६/७ हेच अनुकरण देवनागरीत आले की प्रश्न केवळ अभिरुचीचा राहत नाही. ‘प’, ‘व’, ‘ब’ यांना पूल हवा, कारण त्यांच्या पोटातला तुकडा खरोखर सुटतो. ‘ग’, ‘त’, ‘र’ खुले आहेत. त्यांना चिरण्याचे कारणच नाही. आणि शिरोरेषेतली फट आपल्या लिपीत आधीच अर्थ वाहते. ती भलत्या जागी पडली की ‘घन’चे ‘धन’ आणि ‘मात’चा ‘भात’ वाचला जातो.

७/७ म्हणून आग्रह एवढाच: तुकडा सुटत असेल तेथेच पूल ठेवावा, आणि तिरपे अक्षर हवे असेल तर ते तिरपेच रेखाटावे. ज्याला हे श्रम नकोत, त्याने सरळ, अखंड अक्षर वापरावे. शौर्य मजकुरात असेल तर ते त्यातूनही दिसेल.