गॅस गीझर : दुरुस्त करावा की बदलावा?
थंडी पडू लागली की विश्रांतवाडीतल्या जुन्या सोसायट्यांमध्ये गीझर दुरुस्त करणाऱ्याची शोधाशोध सुरू होते. दुरुस्ती की नवा, हा हिशेब बहुधा रुपयांत होतो. तो आधी ज्योत पाहून व्हायला हवा. बॅटरी संपली किंवा रबरी डायफ्रॅम फाटला, तर दुरुस्ती पुरते. पण बर्नर साफ करूनही ज्योत पिवळीच राहत असेल, वर काजळी धरत असेल, तर गीझर बदलावा. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. याला वास नसतो. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. चक्कर येते आणि दाराची कडी काढण्याइतकेही त्राण उरत नाही.

मात्र नवा गीझरही त्याच बंद बाथरूममध्ये टांगला, तर धोका तसाच राहतो, कारण तोही खोलीतलाच ऑक्सिजन वापरतो. तो मोकळ्या ड्राय बाल्कनीत बसवून गरम पाणी पाइपने आत आणावे. भाड्याच्या घरात ‘चालतोय ना अजून!’ म्हणणाऱ्या मालकांनीही प्लंबरचा हा खर्च टाळू नये.