दुसऱ्या गाठीची स्वतंत्र चौकशी हवी

तोंडाच्या कर्करोगातून शस्त्रक्रियेने बरा झालेला सत्तरीचा एखादा गृहस्थ काही वर्षांनी कंबरदुखीची तक्रार करू लागतो. क्ष-किरण तपासणीत मणक्यांवर डाग दिसतात. ‘पसरला’ एवढा एकच शब्द उच्चारला जातो आणि घरची मंडळी हातपाय गाळून बसतात. हा निष्कर्ष पुष्कळदा खरा असतो; परंतु तो तपासून पाहिल्यावाचून खरा मानणे हे शास्त्रालाही धरून नाही आणि माणुसकीलाही नाही.

मूत्राशयाच्या तळाशी असलेल्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग हा प्रामुख्याने उतारवयाचा आजार आहे. अन्य अवयवांचे अनेक कर्करोगही याच वयात उद्भवतात. तेव्हा एकाच देहात दोन स्वतंत्र कर्करोग नांदणे अशक्य तर नाहीच, पण फारसे नवलाचेही नाही. मूत्राशयाच्या कर्करोगासाठी पुरुषाचे मूत्राशय काढताना बहुधा प्रोस्टेटही काढावी लागते आणि तिच्यात आजवर कोणाच्या ध्यानीमनी नसलेला कर्करोग अनेकदा सापडतो. काही कुटुंबांत आनुवंशिक दोष कारणीभूत असतो. १९९५ मध्ये उजेडात आलेल्या ‘बीआरसीए-२’ या जनुकातील बिघाड स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगाशी जोडला जातो. तोच बिघाड पुरुषांत प्रोस्टेटच्या व स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका वाढवतो.

दोन गाठी एकाच माळेचे मणी आहेत की वेगळ्या, हे ठरवण्याच्या कसोट्या शिल्ड्स वॉरन व ऑलिव्ह गेट्स या अमेरिकन संशोधकांनी १९३२ मध्येच मांडल्या होत्या. प्रत्येक गाठ निश्चितपणे कर्करोगाची असावी, प्रत्येकीचे रूप स्वतंत्र असावे आणि एक गाठ ही दुसरीचा प्रसार नव्हे याची खात्री पटलेली असावी, अशा त्या कसोट्या होत. मुंबईत १९६३ मध्ये व बार्शीत १९८७ मध्ये सुरू झालेल्या कर्करोग नोंदणीच्या कामातही दोन मूळ कर्करोगांची नोंद वेगवेगळी करण्याची शिस्त आहे. जी शिस्त नोंदवहीत पाळली जाते, ती रुग्णाच्या खाटेपाशी का पाळली जाऊ नये?

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत, विशेषतः कण्यात, शिरण्याकडे कल दाखवतो. मात्र त्या अवस्थेतही तो पुरुषी संप्रेरके रोखणाऱ्या उपचारांना बहुधा दाद देतो. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये हे दाखवून दिले आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मणक्यांतील डाग तोंडाच्या जुन्या रोगाच्या माथी मारले गेले, तर ज्या रुग्णाला कदाचित आणखी काही वर्षे बऱ्यापैकी जगता आले असते, त्याला निरुपाय म्हणून घरी नेले जाते. ‘पीएसए’ ही रक्ततपासणी येथे दिशा दाखवते. परंतु वयोमानाने ग्रंथी वाढल्यास वा तिला जंतुसंसर्ग झाल्यासही त्याचे प्रमाण वाढते. अखेरचा निवाडा बहुधा गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच होतो.

याची दुसरी बाजूही विसरता कामा नये. दुसरा कर्करोग सापडला म्हणजे त्यावर तातडीने शस्त्र चालवलेच पाहिजे असे नाही. प्रोस्टेटचे अनेक कर्करोग अतिशय संथपणे वाढतात. अशा वेळी जिवाला अधिक धोका असलेल्या रोगाकडे आधी वळावे आणि दुसऱ्यावर नुसती नजर ठेवावी, हाही विचारपूर्वक केलेला उपचारच होय.

म्हणून ‘पसरला’ असे सांगणाऱ्या डॉक्टरांनी ते कशाच्या आधारे ठरवले हेही सांगावे. ‘तुकडा तपासला का?’ असे नातेवाइकांनी नम्रपणे विचारले तर तो अविश्वास समजू नये. तपासणी झेपण्याइतकी ताकद रुग्णात नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे. आणि ही सोय जिल्ह्याच्या ठिकाणी, सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशा खर्चात उपलब्ध करून देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. आशा सोडायचीच वेळ आली तर ती पुराव्यानंतर सोडावी, अंदाजावर नव्हे.