शिखर कुणाच्या मालकीचे?

इस्लामपूरहून पेठ नाक्यावर येऊन महामार्गाने कराडकडे निघाले की मलकापूरजवळ आगाशिवचा डोंगर समोर येतो. या डोंगराच्या अंगावर साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंच्या निवासासाठी ती खोदली गेली. माथ्यावर महादेवाचे मंदिर आहे आणि डोंगर ओळखला जातो तो त्या महादेवाच्या नावाने. आपल्या वाळवा तालुक्यातील मच्छिंद्रगडाचेही तेच. माथ्यावर मच्छिंद्रनाथाचे देऊळ, म्हणून गड मच्छिंद्राचा. ज्याची वस्तू माथ्यावर, त्याचा डोंगर, हा आपल्याकडचा जुना, अलिखित सातबारा आहे. (खाली गावांच्या बाबतीतही फार वेगळे घडत नाही. इस्लामपूरचे ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केला. तीही माथ्यावर लावलेली पाटीच.)

हा विषय आज घेण्याचे कारण असे की, आपल्या समाजातील मुले-मुली आता डोंगर चढू लागली आहेत. आनंदाची गोष्ट आहे. पण शिखरावर गेले की काहीतरी ठेवून यावे, हा मोह सर्वांना होतो तसा त्यांनाही होतो. कुणाला भगवा रोवायचा असतो, कुणाला संस्थेच्या नावाची संगमरवरी पाटी बसवायची असते, कुणी दगडावर रंगाने प्रेयसीचे नाव लिहितो. मग आमचा निळा झेंडा का नको, बुद्धाची मूर्ती का नको, असा प्रश्न तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे. लेण्याद्रीच्या बौद्ध विहारात गणपती बसला आणि कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर एकवीरेचे देऊळ उभे राहिले, तेव्हा कुणी आमची परवानगी घेतली नव्हती. मग नीतीचा पाठ आम्हालाच कशासाठी?

याचे उत्तर लेण्यांकडूनच घ्यावे लागेल. कारण लेणी हीसुद्धा माणसाने डोंगरावर केलेली वस्तूच आहे. दानदात्यांनी तिथे आपली नावेही कोरून ठेवली. मग दगडावर रंग फासणाऱ्या पोरात आणि त्या दानदात्यांत फरक कोणता? फरक असा की, दानदात्याने नावाआधी निवारा दिला. भिक्खू पावसाळ्यात वर्षावासाला थांबत, त्यांना कोरडी जागा मिळावी म्हणून खोल्या खोदल्या, झोपायला दगडी ओटे केले, पाण्यासाठी कातळात टाकी खोदली. दोन हजार वर्षांनंतरही वाटसरू अशा टाक्यांचे पाणी पितो. मागून येणाऱ्या अनोळखी माणसाची ज्या वस्तूने सोय होते ती एक, आणि ‘मी येऊन गेलो’ एवढेच जी ओरडून सांगते ती दुसरी. पहिलीला दान म्हणतात. दुसरीला काय म्हणायचे ते वाचकांनी ठरवावे. भिक्खूंच्या पातिमोक्खात तर हिरव्या गवतावर आणि पाण्यात थुंकू नये, मलमूत्र विसर्जन करू नये, असे नियमच घालून दिलेले आहेत. आज त्याच टाक्यांत प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि गुटख्याच्या पुड्या तरंगतात.

इथे बाबासाहेबांचा दौलताबादचा अनुभव आठवल्याशिवाय राहत नाही. १९३४ साली ते सहकाऱ्यांसह वेरूळला जाताना वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासात धुळीने माखलेल्या काहींनी किल्ल्याच्या दरवाजाबाहेरील हौदाच्या पाण्याने हातपाय-तोंड धुतले. लगेच आरडाओरडा झाला की यांनी हौद बाटवला. अखेर किल्ल्यात सोडले ते एक हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन. आत कुठे पाण्याला शिवू नये म्हणून! बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. ज्या देशात माणसाच्या हाताने पाणी बाटते आणि बाटलीने बाटत नाही, त्या देशात स्वच्छतेचा प्रश्न हा आधी जातीचा प्रश्न असतो. कचरा करणारा एक आणि उचलणारा दुसरा, ही वाटणी गावकुसाबाहेरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या भोगत आली. ती वाटणी डोंगरावर नेऊन पोहोचवायला आपण हातभार लावायचा काय?

महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. तिची कथा आदिवासी कोळी समाजात सांगितली जाते. ही मुलगी एका घरी कामाला राहिली, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, या अटीवर. मालकाने अट मोडून ती कामे तिच्यावर लादली, तेव्हा ती घर सोडून डोंगरावर निघून गेली. दंतकथाच आहे, पण आपल्या चळवळीला जवळची वाटावी अशी. केर काढायला नकार देऊन जी माथ्यावर गेली, तिच्या दारात सुट्टीच्या दिवशी केवढा केर पडतो! त्याच वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. त्याही डोंगरावर ठेवलेल्या वस्तूच, पण म्हातारी माणसे आणि लहान मुले त्यांच्या आधाराने वर जातात. त्यांना आमचा आक्षेप नाही.

आता अतिक्रमणाचे पाहू. राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये गडकिल्ल्यांवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी जिल्हावार समित्या नेमल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये रायगड, पन्हाळ्यासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. गड मोकळे असावेत हे कोण नाकारील? पण त्याच्या आधीच्या वर्षी, १४ जुलै २०२४ रोजी, विशाळगड अतिक्रमणमुक्त करण्याच्या नावाखाली आलेल्या जमावाने वाटेवरच्या गजापुरात मुस्लिमांची घरे आणि मशीद फोडली. त्या घरांतील बायका-मुलांनी कोणत्या गडावर काय बांधले होते? एकाची वस्तू श्रद्धा आणि दुसऱ्याची अतिक्रमण, असे ठरवणारी फूटपट्टी ही कायद्याची नव्हे, मनूची. कायदा फार साधा आहे. संरक्षित स्मारकाची नासधूस किंवा विद्रूपीकरण करणाऱ्याला १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्हेगाराचा धर्म त्यात विचारलेला नाही. ही समान फूटपट्टी मागण्याचा अधिकार आपल्याला हवा असेल, तर रात्रीतून माथ्यावर मूर्ती ठेवून येण्याचा मार्ग आपला असू शकत नाही. लेण्यांवरचा आपला हक्क पुराव्याचा आहे. तो शिलालेखांत कोरलेला आहे, त्याला चोरवाटेची गरज नाही.

मग बाबासाहेबांना शिखरावर न्यायचेच नाही काय? जरूर न्यायचे. २५ मे २०१४ रोजी मालावत पूर्णा ही शेतमजुराची आदिवासी मुलगी आणि आनंद कुमार हा दलित विद्यार्थी, समाजकल्याण निवासी शाळेतील ही दोन लेकरे एव्हरेस्टवर पोहोचली. पूर्णाला चौदावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. बाबासाहेबांचे छायाचित्र त्यांनी सोबत नेले होते. अर्थ त्या चढाईत होता. फोटो बर्फात पुरला की बॅगेतून परत आणला, याने त्यात तसूभरही फरक पडत नाही. त्याच वर्षी १८ एप्रिलला एव्हरेस्टच्या नेपाळ बाजूला हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार ठार झाले. दुसऱ्यांच्या चढाईसाठी ओझी वाहणारी ती माणसे होती. शिखरावर टाकलेला प्रत्येक प्राणवायूचा सिलिंडर आणि फाटका तंबू शेवटी अशाच कुणाच्या तरी पाठीवरून खाली येतो. २०१९ मध्ये एव्हरेस्टवरून दहा टनांहून अधिक कचरा आणि चार मृतदेह खाली आणावे लागले. नेपाळने २०१४ मध्ये प्रत्येक गिर्यारोहकाने आठ किलो कचरा परत आणावा असा नियम केला होता, तो काही हौसेने नव्हे.

१९५५ साली कांचनगंगेवर पहिल्यांदा पोहोचलेले दोन ब्रिटिश गिर्यारोहक शिखराच्या काही फूट खालीच थांबले. तो पर्वत सिक्कीमच्या लोकांना पवित्र होता आणि माथ्याला पाय लावणार नाही असा शब्द दिलेला होता. पवित्र-अपवित्राची भाषा आपल्याला मान्य नाही. पण स्थानिकाला दिलेला शब्द, ८,५८६ मीटर उंचीवर कुणी पाहत नसताना पाळणे, याला आपण शील म्हणतो.

महाराष्ट्राच्या आदिवासी विकास विभागाने २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या मुलांना प्रशिक्षण देऊन एव्हरेस्टवर पाठवले आणि त्यांतील पाच जण शिखरावर गेले. सामाजिक न्याय विभागाच्या निवासी शाळांतील मुलांसाठीही असेच प्रशिक्षण मागायला हवे. त्यासाठी निवेदने द्या, पाठपुरावा करा. तोवर वाळवा, शिराळा, कराडच्या मंडळांनी जयंतीच्या वर्गणीतून चार जोड बूट आणि एक चांगला दोर घ्यावा, आणि सुरुवात आगाशिवपासून करावी. चढताना बाबासाहेबांचा फोटो न्यावा, उतरताना तो आणि वाटेत दिसेल तेवढे प्लॅस्टिक पोत्यात भरून आणावे. पोते आळीपाळीने उचलावे. मंडळाच्या अध्यक्षांनीसुद्धा.