न बोलता दिलेला धडा

अमळनेरचे प्रताप हायस्कूल ही जळगाव जिल्ह्यातली जुनी, नावाजलेली शाळा. १९२४ साली साने गुरुजी येथे शिक्षक झाले. पुढे छात्रालयही त्यांच्याकडे आले. मुले शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, अंथरुणांच्या घड्या घालीत, पडलेले कपडे धुऊन ठेवीत. कोणाला रागावत नसत. हळूहळू मुलेच शरमली आणि आपापली खोली आवरू लागली. मुलांसाठी गुरुजी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिकही काढीत. १९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक लिहून प्रेषित मुहम्मद (स.) यांचे जीवन मराठी वाचकांपुढे ठेवणारे गुरुजी ते हेच.

आपल्याला ही रीत नवी नाही. प्रेषित (स.) घरी असताना घरकामात हातभार लावीत आणि नमाजची वेळ झाली की निघत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे.

आज आपण मुलाला विचारतो, टक्के किती पडले? स्वतःचे ताट धुतोस का, हे विचारत नाही. कारण ते ताट बहीण धुते. तिचीही दहावीच असते, आणि तिच्या अभ्यासाचा तास मोरीवर जातो. मग ती मागे पडली की आपण म्हणतो, मुलीला अभ्यासाची आवडच नाही.

यावर भाषण नको. आज रात्री जेवण झाले की अब्बांनी आपले ताट स्वतः उचलावे. मुलगा मागोमाग उठेल, इन्शाअल्लाह.