पोटातली गाठ आणि आईचा हात

मूल आंघोळीला बसले की आईचा हात त्याच्या पोटावरून फिरतोच. लहान मुलांच्या किडनीचा कॅन्सर बऱ्याच वेळा याच हाताला आधी कळतो. पोटाच्या एका बाजूला घट्ट, गुळगुळीत गाठ लागते. मूल मात्र खेळते, जेवते, दुखते असेही म्हणत नाही. मग घरात कोणी म्हणते जंत झाले, कोणी म्हणते पानथरी वाढली, कोणी नजर लागली म्हणून ताईत आणायला जाते. यात जे आठवडे जातात, त्यांच्याविषयी या महिन्यात आम्हाला लिहायचे आहे.

मुलांच्या गुर्द्याला होणाऱ्या कॅन्सरपैकी बहुतेक एकाच प्रकारचे असतात. त्याला विल्म्स ट्यूमर म्हणतात. मॅक्स विल्म्स या जर्मन सर्जनने १८९९ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून हे नाव. तो बहुधा पाच वर्षांच्या आत होतो, तीन-चार वर्षांच्या मुलांत सर्वाधिक. आईच्या पोटात गुर्दा तयार होताना ज्या कच्च्या पेशी असतात, त्यांतल्या काही जन्मानंतरही तशाच राहतात आणि पुढे वाढत सुटतात. बाळंतपणात आईने काय खाल्ले, ग्रहणात काय चिरले, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. सुनेला बोल लावणाऱ्या घरांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

गाठीखेरीज ताप, लघवीत रक्त, भूक मंदावणे, वाढलेला रक्तदाब ही लक्षणेही दिसू शकतात. जन्मतः डोळ्यातले बुबुळाचे रंगीत कडे नसणे किंवा शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा मोठी असणे, अशा मुलांना धोका जास्त असतो. त्यांची ठरावीक काळाने सोनोग्राफी करावी लागते. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: गाठ लागली तर ती पुन्हा पुन्हा दाबून पाहू नका, शेजारणींना दाखवू नका, पोट चोळून घेऊ नका. गाठ आत फुटली तर आजार पोटभर पसरतो.

मोठ्यांचा प्रकार वेगळा. त्यांच्यात दहापैकी जवळपास नऊ कॅन्सर गुर्द्यातल्या बारीक नळ्यांच्या अस्तरातून निघतात. त्याला रीनल सेल कार्सिनोमा म्हणतात. त्याचेही पोटप्रकार आहेत. सर्वात जास्त आढळतो तो क्लिअर सेल, त्याखालोखाल पॅपिलरी आणि मग क्रोमोफोब. गुर्द्यातून लघवी जिथे जमा होते, त्या भागाचा कॅन्सर याहून निराळा असतो. तो मूत्राशयाच्या कॅन्सरच्या जातीचा असतो आणि त्याचा इलाजही वेगळा. म्हणून ‘किडनीचा कॅन्सर’ एवढे ऐकून दुसऱ्याची औषधाची चिठ्ठी आपल्या माणसाला लावू नये. बिडी-सिगारेट, लठ्ठपणा, जुना रक्तदाब आणि अनेक वर्षांचे डायलिसिस यांनी मोठ्यांचा धोका वाढतो.

आपल्या मराठवाड्यात ऊन फार, मूतखड्याचे रोगी घरोघरी. त्यामुळे लघवी लाल झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणत धने-जिऱ्याचे पाणी सुरू होते. खड्याचे रक्त बहुधा कळा घेऊन येते. न दुखता आलेले रक्त, मग ते एकदाच येऊन थांबले तरी, तपासून घ्यायलाच हवे. बायका लाजेने हे सांगत नाहीत. घरातल्या मुलींनी अम्मीला, दादीला विचारावे.

तपासणीची सुरुवात सोनोग्राफीने होते. हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात आधी दाखवावे. पुढे औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे आणि मुंबईत १९४१ पासूनचे टाटा मेमोरियल. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या इलाजाची सोय आहे. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. मुंबईत मुलाला घेऊन राहायचे कुठे, हा प्रश्न असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवकांकडे सेंट ज्यूडच्या केंद्रांविषयी विचारा. २००६ पासून तिथे कॅन्सरग्रस्त मुले आणि त्यांच्या आईवडिलांना मोफत राहता येते. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

वेळेवर आणि पूर्ण इलाज मिळाला तर विल्म्स ट्यूमरची दहापैकी नऊ मुले बरी होतात, हा प्रगत देशांचा अनुभव आहे. आपल्याकडे घात होतो तो उशिराने आणि अर्धवट इलाजाने. दोन डोसांनी गाठ लहान झाली, मूल हसू लागले, इकडे सोयाबीन काढणीला आले, की गाडी गावाकडे वळते. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी मात्र तिथेच असतात. केस गळतात ते परत येतात. सोडलेला इलाज पुन्हा तितका लागू पडेलच असे नाही.

प्यारे नबी (स.) यांना काही लोकांनी विचारले होते, आम्ही औषधोपचार करावा का? त्यांनी करा असेच सांगितले. दुआ जरूर करा, सदका द्या, पण डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका.

एक गुर्दा काढलेले मूल शाळेत येते, धावते, शिकते, पुढे संसारही करते. अशा मुलाला ‘बीमार’ म्हणून मागच्या बाकावर बसवू नये, आणि मुलगी असेल तर ही गोष्ट लपवून तिची पुढची तपासणी थांबवू नये. तिची फाईल जपून ठेवा आणि दर तारखेला तिला घेऊन जा.