गिऱ्हाईक दारात, माल मात्र दोन वर्षांनी

या आठवड्याच्या व्हिडिओत निन्टेन्डोच्या 'वी' या गेम कन्सोलचा विषय ओझरता आला. वेळ कमी पडला, म्हणून इथे नीट मांडतो.

'वी' नोव्हेंबर २००६ मध्ये बाजारात आला. त्याच्या आधीचा निन्टेन्डोचा गेमक्यूब सोनीच्या प्लेस्टेशन २ पुढे फारच मागे पडला होता. त्यामुळे बहुतेक मोठ्या गेम कंपन्यांनी पैसा आणि माणसं प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर लावली. झालं उलटंच! हातात रिमोट धरून टेनिस खेळायला आजी-आजोबासुद्धा टीव्हीसमोर उभे राहिले. 'वी' शेवटी १० कोटींहून जास्त विकला गेला.

मग या कंपन्या लगेच तिकडे का वळल्या नाहीत? 'डोकं नव्हतं,' असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही.

पहिलं कारण, वेळ. तेव्हा मोठा गेम बनवायला दोन-तीन वर्षं लागायची. दुकानात दिसायचा तो दोन वर्षांपूर्वीचा निर्णय. मध्येच सोडला तर लावलेला पैसा बुडाला.

दुसरं, 'वी'ची ताकद बाकी दोघांपेक्षा बरीच कमी आणि खेळायची पद्धतही वेगळी. तयार गेम उचलून तिकडे टाकता येत नव्हता, नव्यानं बांधावा लागायचा.

तिसरं, भीती. ही लाट ओसरली तर? आणि ही भीती अगदीच खोटी नव्हती. पुढचा 'वी यू' जेमतेम १ कोटी ३५ लाख विकला गेला.

इथपर्यंत मी त्यांना दोष देणार नाही. खरी चूक पुढे झाली. अनेकांनी घाईघाईत किरकोळ गेम काढून 'वी'वर ढकलले. ते चालले नाहीत, तेव्हा म्हणाले, 'इथे फक्त निन्टेन्डोचेच गेम खपतात.' अहो, पण गिऱ्हाईकाला चांगला माल दाखवला होता का?

युबिसॉफ्टनं दाखवला. २००९ मध्ये त्यांनी खास 'वी'साठी 'जस्ट डान्स' काढला. रिमोट धरा आणि नाचा, बस्स! घरातल्या कुणालाही जमेल असा खेळ. तो तुफान चालला आणि त्याची पुढे मोठी मालिका झाली.

आता आपलं बघू. अंदाज त्यांचा चुकला, तसा तुमचा-माझाही चुकणार. फरक एवढाच, की त्यांच्याकडे चूक पचवायला पैसा होता. आपल्याकडे नाही. म्हणून सगळं भांडवल एकाच अंदाजावर लावू नका, थोडा हात मोकळा ठेवा. प्रत्येक लाटेमागे धावायचं नाही, हे खरं. पण अनपेक्षित गिऱ्हाईक आलंच, तर त्याला उरलासुरला माल देऊन 'इथे धंदाच नाही' असं ठरवू नका.

आजच वहीत लिहा: उद्या न मागितलेली ऑर्डर आली, तर माझ्याकडे किती पैसा, किती दिवस आणि कोणता माणूस मोकळा आहे? उत्तर शून्य आलं, तर आधी तिथे काम करा.